हलगी घेऊन मॉरिशसला गेलो होतो, त्यातला एक दिवस (लांबलंय, सवडीनं वाचा)

केजचा_हलगीवाला
राम राम मंडळी. मागच्या गणपतीत आमचा ग्रुप मॉरिशसला जाऊन आला हे इथल्या काही जणांना माहितीये, तेव्हापासून लिही लिही म्हणून मागं लागलेत, पण आधी नवरात्राच्या सुपाऱ्या, मग लग्नसराई, मग ज्वारीची काढणी, ते राहूनच गेलं. सगळा दौरा सांगत बसलो तर पारायण होईल म्हणून एकच दिवस सांगतो, ज्या दिवशी सकाळपासून फिरलो अन् रात्री वाजवलं तो.

आम्ही नऊ जण होतो. दोन हलग्या चामड्याच्या, एक फायबरची, संबळ, तुणतुणं, झांज, सनई अन् एक कीबोर्डवाला पोरगा. संबळावर आमचे चुलते, नाना, वय बासष्ट. नानांनी अठरा सीझन ऊस तोडलाय, कोल्हापूर सांगली साईडला, दिवाळी झाली की टायरगाडी बांधून निघायचं अन् पाडव्याला घरी. विमान सोडा, तोवर एसी रेल्वेत पण बसले नव्हते. हे आधीच सांगतो कारण पुढं सगळं त्यांच्याच भोवती फिरतंय.

राहायला वाक्वा नावाच्या गावात होतो. मॉरिशस म्हणलं की आपल्याला समुद्र अन् नारळाची झाडं दिसतात पण हे गाव उंचावर, सप्टेंबरात तिथं थंडी सरत आलेली असती, सकाळी भुरभुर पाऊस अन् धुकं, म्हणजे आपलं माळेगाव जत्रेचं वातावरण अन् वरून पाऊस. आम्ही सगळे हाफ शर्टावर. नाना एकटे घोंगडी घेऊन आलेले, त्यांना सगळे हसले होते मुंबईत, तिथं मात्र सगळे घोंगडीकडं बघायले.

सकाळी बसनं पोर्ट लुईला निघालो. अन् रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊसच ऊस. त्यांच्याकडं तोडणी जून ते डिसेंबर चालती, त्यामुळं ऐन हंगाम, उसानं भरलेले ट्रक पुढं चाललेत, वाडं रस्त्यावर पडलेलं. नाना खिडकीला नाक लावून. मधीच मला कोपरानं ढोसलं, "हे ढीग कशाचे रं?" बघतो तर उसाच्या फडात मधी मधी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले, काही तर घराएवढे उंच, देवळासारखे पायऱ्या पायऱ्यांचे. ड्रायव्हर हिंदी बोलत होता थोडी, तो म्हणाला की जमीन सगळी दगडांनी भरलेली होती, इंडियातून आणलेल्या मजुरांनी एक एक दगड वेचून हे रचलं अन् मग ऊस लावला. नाना लई वेळ गप्प. मग म्हणले, "हा आपलाच दगड हाय. अन् हे एका पिढीचं काम न्हाई." पुढं पोर्ट लुई येईपर्यंत ते ढीगच मोजत बसले, एकशे काहीतरी झाल्यावर झोप लागली.

पोर्ट लुईत आप्रवासी घाट बघितला. बंदराच्या काठाला जुन्या दगडी खोल्या अन् समुद्राकडून वर येणाऱ्या थोड्या पायऱ्या, बघायला म्हणलं तर एवढंच, पाच मिनिटात बघून होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला अॅटलस जहाजातून पहिले ३६ मजूर इथं आले, तिथून पुढं १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. बिहारची लई, मद्रासकडची, अन् मुंबई बंदरातून आपली मराठी, त्यात कोकणातली जास्त. दोन दिवस इथं ठेवायचे, नंबर द्यायचे, मग ज्याच्या त्याच्या मळ्यावर रवाना. करार पाच वर्षाचा. गाईड पोरगी सांगायली अन् मी नानांना मराठीत सांगायलो. नानांनी एकच विचारलं, "मुकादम कोण होता यांचा?" मी तिला विचारलं तर ती म्हणाली की गावोगाव फिरून माणसं गोळा करणारे दलाल होते, गोडगोड बोलून आणायचे, तिकडं दगडाखाली सोनं सापडतं असं पण सांगायचे. नाना हसले. म्हणले "आम्हाला सोनं न्हाई सांगितलं कुणी, आधी पैशाची उचल दिली फक्त."

तिथून बाजारात. धाल पुरी खाल्ली. म्हणजे काय तर डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, दिसायला डिट्टो पुरणपोळी अन् तोंडात घातली की गूळच नाही! वरून टोमॅटोची चटणी अन् घेवड्याची भाजी. आमच्या सनईवाल्यानं सहा खाल्ल्या अन् प्रत्येक वेळी म्हणायचा की गूळ घातला असता तर. आलुदा म्हणून थंड दूध मिळतं सब्जा घातलेलं, फालुद्याचा भाऊ.

दुपारी गंगा तलाव. डोंगरात उंचावर तळं, काठाला देवळं, अन् रस्त्यालगत १०८ फुटी महादेव उभा. त्याच्या समोरच्या बाजूला तेवढीच उंच देवी, सिंहासकट. नाना तुळजापूरचे पक्के, दर पौर्णिमेला जातात, देवी बघितल्या बघितल्या पिशवीतून झांज काढून रस्त्यावरच "उदे गं अंबे उदे" चालू. आम्ही पण मग सुरू. चायनीज टुरिस्ट व्हिडिओ काढायलेत, एक सिक्युरिटीवाला आला, बघत उभा राहिला, शेवटी त्यानं पण हात जोडले. ही आमची दिवसातली पहिली सुपारी, बिनपैशाची.

आता रात्रीचं, जे सांगण्यासाठी एवढं लिहिलं. पण म्हैस सोडायचा टाईम झालाय, आलोच.

लातूरकर_९२
ऐन टायमाला म्हैस सोडायला गेलाय गडी 😂 सिरियलवाल्यांनी शिकावं

परभणीचा_पाव्हणा
दादा एक नंबर लिहायलात. ते मुकादमाचं वाचून गप झालो. आमच्या गल्लीतले चार कोयते (म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या) आत्ता तिकडंच आहेत, कर्नाटकात.

पैठणचे_मास्तर
सुंदर लिहिले आहे. एक भर घालतो. नाना "हा आपलाच दगड" म्हणाले ते शब्दशः खरे आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो ज्या तप्त स्थानातून आला, त्याच स्थानावरून पुढे जमिनीचे कवच सरकत गेले आणि कैक कोटी वर्षांनी मॉरिशस बेट तयार झाले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. ते स्थान आता शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे वेरूळ ज्या दगडात कोरले आणि नानांनी जे ढीग मोजले, त्यांची आई एकच.

लातूरकर_९२
मास्तर 🙏🙏 शाळेत हे असं शिकवलं असतं तर भूगोलात पस्तीस पडले नसते

माजलगावची_लेक
गंगा तलाव म्हणजे लोणारसारखं आहे का हो? फोटोत तसंच वाटतं.

पैठणचे_मास्तर
नाही ताई. लोणार उल्केच्या धडकेने झाले. गंगा तलाव विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेले पाणी आहे. दिसायला दोन्ही वाटी, पण एक वरून पडलेल्याने आणि एक खालून आलेल्याने.

केजचा_हलगीवाला
आलो. मास्तर, नानांना वाचून दाखवलं. म्हणले "मग, मी काय खोटं बोलतो का."

तर रात्री. वाक्वातच हॉल, सातला कार्यक्रम, आम्ही पाचला पोचलो. पहिला घोळ पिनचा. तिथं तीन चौकोनी पिनांचं सॉकेट, आपली गोल पिन जातच नाही, कीबोर्डवाला पोरगा रडकुंडीला, शेवटी आयोजकांच्या घरून अॅडाप्टर आणला. कुणी जाणार असाल तर हे आधी घ्या, नुसती शंभर दीडशेची वस्तू.

दुसरा घोळ खरा. हलगी काढली पिशवीतून, थाप मारली, तर भद्द. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. तीन दिवस भुरभुर पाऊस, कातडं पार उतरलेलं. आता इथं कुणाला माहिती नसेल तर सांगतो, चामड्याची हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागती, जाळावर धरली की कातडं ताणतं अन् मग ती कडाडती. गावात काय, दोन मूठ पाचट पेटवलं की झालं. हॉलमधी कुठं जाळ करणार? छताला धुराचा अलार्म. आयोजक म्हणले बाहेर पण परवानगी लागंल, तुमच्याकडं फायबरची आहे ना ती वाजवा. अन् त्यांचं पण बरोबर होतं, हॉल त्यांच्या नावावर.

मी म्हणलं ठीकय, फायबरवर करू. नाना म्हणले "तू कर. मी संबळ पिशवीत ठिवतो." पाच मिनिटं आमची तिथंच भांडणं. मी म्हणायलो की इथं कुणाला फरक कळणाराय, ते म्हणायले मला कळंल.

आमच्यानंतर तिथल्या लोकांचा सेगाचा कार्यक्रम होता. सेगा म्हणजे तिथल्या गुलामांच्या वंशजांचं गाणं-नाचणं, आफ्रिका अन् मादागास्करहून धरून आणलेल्यांचं. त्यांचा एक म्हातारा कोपऱ्यात बसून आमची भांडणं बघायला. काळा, उंच, पांढरी दाढी. त्याच्या मांडीवर एक वाद्य, मी म्हणलं ही तर हलगी! फक्त चाळणीएवढी नाही, पार परातीएवढी, लाकडाची कड अन् बकऱ्याचं कातडं. रावान म्हणतात तिला, हातानं वाजवतात. म्हातारा उठला, माझी हलगी हातात घेतली, कानाजवळ नेली अन् बोटाच्या नखानं टिचकी मारली. नाना असंच करतात. तसंच्या तसं. मग त्यानं तोंड वाकडं केलं अन् मला हातानं ये म्हणून खूण.

हॉलच्या मागं गाड्या लावायची जागा, त्याच्या पलीकडं मोकळं रान. त्यानं गाडीच्या डिकीतून पोतं काढलं, आत नारळाच्या वाळक्या झावळ्या. पेटवलं. अन् आपली रावान जाळावर धरून फिरवायला लागला, पाच बोटांवर, सगळ्या कडंनं सारखी ऊब लागंल अशी. रावान पण शेकूनच वाजवतात हो! मला काही बोलायलाच सुचंना. मला वाटायचं जगात आपणच असले येडे. नाना आतून आले, काही न बोलता एक हलगी घेऊन जाळाच्या दुसऱ्या बाजूला बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, एक क्रिओल बोलायला अन् एक मांजरसुंब्याची मराठी, अन् दोघंही पाच मिनिटात एकमेकाला सांगायलेत की जास्त जवळ धरू नको, करपंल. धूर बघून आयोजक पळत आले, बघितलं, अन् परत गेले. त्यांची पोरगी मात्र थांबली, तिनंच मग आमचं भाषांतर केलं.

कार्यक्रमाचं थोडक्यात. गण, गोंधळ, मग हलगीचा तुकडा. पब्लिक सगळं तिथलं मराठी, सात आठ पिढ्या झाल्यात त्यांच्या, घरी क्रिओल बोलतात, पण आरती चालू केली तर पूर्ण हॉल तोंडपाठ, एक शब्द चुकंना. पहिल्या रांगेत एक आजी होत्या, नाकात नथ, मी खाली उतरल्यावर मराठीत बोलायला गेलो तर नुसत्या हसायल्या, त्यांना आरती येती, मराठी बोलता येत नाही. त्यांची एक परंपरा आहे, झाकरी म्हणतात, गणपतीत गोल करून नाचत गातात, कोकणातलं जाखडी नाचच ते, तिकडं जाऊन नाव थोडं घासलंय.

शेवटी सेगावाल्यांसोबत वाजवायचं ठरलं. अन् तिथं आमची फजिती. त्यांचा ठेका सहाचा, आपल्या दादऱ्यासारखा झुलत झुलत, अन् हळूहळू लय वाढवत नेतात. मी आपला चारात कडकड कडकड. दोन मिनिटं नुसता कालवा झाला, पब्लिक सभ्य म्हणून गप बसलं. नानांनी संबळ थांबवला, डोळे मिटले, म्हाताऱ्याच्या हाताकडं कान दिला अन् मग फक्त धुमावर, म्हणजे संबळाच्या घुमणाऱ्या बाजूवर, त्याच्या पहिल्या मात्रेला एक एक ठोका देत गेले. मग मला धागा सापडला. बारीक काडीनं सहा भरायचे अन् टिपरू, म्हणजे हलगीची जाड काठी, नानांच्या ठोक्यावर. पुढं किती वेळ वाजवलं माहिती नाही. बाया नाचायल्या, त्यांच्या नाचात पाय जमिनीवरून उचलत नाहीत, घासत घासत सरकायचं, अन् आमचा झांजवाला उड्या मारायला त्यांच्या मधी.

परभणीचा_पाव्हणा
आरारारा. पाच बोटांवर फिरवायलेत हे वाचून अंगावर काटा आला

डीजे_सम्या_नांदेड
सगळं मस्त पण दादा खरं सांगू का, फायबरला काय प्रॉब्लेम आहे? पावसात वाजती, शेकायची कटकट नाही, वर्षानुवर्ष टिकती. मिरवणुकीत दहा दहा तास चामड्याची कोण शेकत बसणार. भावना वेगळी, धंदा वेगळा.

केजचा_हलगीवाला
सम्या तू म्हणतो ते मिरवणुकीला बरोबर आहे, मी पण फायबरच वाजवतो तिथं, खोटं कशाला बोलू. पण फायबरला एकच आवाज असतो, सुरुवातीला जो तोच शेवटाला. चामड्याची शेकल्यावर आधी लई चढलेली असती, मग वाजवता वाजवता उतरती, मधी एक दहा पंधरा मिनिटं अशी येतात की तिच्यातून काय पाहिजे ते काढता येतं. त्या रात्री ती दहा मिनिटं सहाच्या ठेक्यात सापडली. फायबरवर ठेका बरोबर बसला असता, एवढंच.

माजलगावची_लेक
दादा, लिहू का नको असं करत होते. माझ्या आज्यानं हलगी सोडली होती. बाबासाहेबांचं ऐकून, मेलेलं ढोर ओढणं अन् हलगी वाजवणं दोन्ही एका दिवशी बंद. गावानं लई त्रास दिला नंतर, पाणी तोडलं. आमच्या घरात हलगीचा आवाज आला की वडील खिडकी लावायचे, अजून लावतात. तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं पण कशामुळं ते मला नीट सांगता येत नाही. स्टेजवर टाळ्या वाजवणारं गाव अन् वेशीबाहेर वाजवायला लावणारं गाव एकच होतं ना.

केजचा_हलगीवाला
ताई, लिहिलंत ते बरं केलं. तुमच्या आज्याचं बरोबरच होतं, त्यात मी काय बोलणार. आमच्या घरात सुटली नाही कारण दुसरं पोट नव्हतं. नाना लहानपणी मयतीपुढं वाजवायचे, भाकरी वरून टाकायचे हातात, ते आठवण काढत नाहीत पण मला माहितीये. आजही गावातल्या लग्नात आधी वाजवा, पंगतीला शेवटी बसा असं असतंच. दौऱ्याहून आल्यावर सत्कार झाला, शाल दिली, अन् चहा वेगळ्या कपात आला. कुणाचं नाव घेत नाही.

तो म्हातारा पण असंच काही बोलला होता जाळापाशी, त्या पोरीनं सांगितलं. त्याच्या आईच्या वेळेला सेगा म्हणजे घाण समजायचे, चर्चवाले नावं ठेवायचे, चांगल्या घरात रावान आणायची नाही. २०१४ मधी युनेस्कोच्या यादीत नाव आलं अन् आता हॉटेलात रोज टुरिस्टपुढं सेगा. नानांनी विचारलं आता पैसे बरे मिळतात का. तो म्हणाला हॉटेलवाले प्लॅस्टिकच्या कातड्याची रावान द्यायला सांगतात, धूर नको म्हणून. दोघं लई हसले.

माजलगावची_लेक
वेगळा कप. हं.
त्या हलगीच्या तुकड्याचा व्हिडिओ असला तर मला पर्सनलला टाका. खिडकी लावून बघते 🙂

लातूरकर_९२
ताई 🙏

गोदाकाठची_पोर
थोडं कामाचं विचारते. आमचं भजनी मंडळ पण जायचं म्हणतंय. व्हिसा, वाद्यं, वगैरे कसं केलं?

केजचा_हलगीवाला
फिरायला जाणाऱ्या इंडियन पासपोर्टवाल्यांना व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, फी नाही. पण तुम्ही कार्यक्रम करणार म्हणल्यावर आयोजकांना आधी कागदपत्रं करायला लावा, निमंत्रणाचं पत्र जवळ ठेवा. वाद्यं सगळी मोठ्या सामानात टाका, पखवाज कपड्यात गुंडाळून. आमच्या एकानं टिपरू हातातल्या बॅगेत ठेवलं होतं, इकडंच विमानतळावर काढून घेतलं, काठी म्हणून. तिकडं मग नानांनी पेरूच्या फांदीची दोन केली. मुंबईहून सहा एक तास विमान, घड्याळ दीड तास मागं. अन् घोंगडी.

डीजे_सम्या_नांदेड
घोंगडी कन्फर्म 😂 म्हाताऱ्याशी कॉन्टॅक्ट आहे का अजून?

केजचा_हलगीवाला
नंबर आहे पण बोलणार काय. नाना कधी कधी व्हॉइस मेसेजवर नुसता संबळ पाठवतात, तिकडून रावान येती. निघताना त्यानं नानांना एक मारावान दिलं, म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या दांड्या शेजारी शेजारी बांधून केलेली चपटी पेटी, आत वाळलेल्या बिया, दोन्ही हातात धरून हलवायची, पावसासारखा आवाज येतो. ते काय इथवर पोचलं नाही, बिया आहेत म्हणून विमानतळावर ठेवून घेतलं. नियम असतोय, शेतीला कीड लागंल म्हणून, पण नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट.

आता त्यांनी धरलंय की आपल्या उसाला तुरा आला की इथंच करायचं. मागच्या खोडव्याला आलाय तुरा, दांड्या तोडून वाळत घातल्यात माळवदावर. प्रश्न एवढाच की आत काय भरावं. मी म्हणतो ज्वारी.

परभणीचा_पाव्हणा
ज्वारी नको, उंदरं फोडतील. करडई टाका.

लातूरकर_९२
करडई गुळगुळीत असती, आवाज सरसर येईल नुसता. तूर टाका तूर, लातूरची पाठवतो

पैठणचे_मास्तर
गुंजा चालतील. टणक असतात, कीड लागत नाही. फक्त लेकरांच्या हाती फुटणार नाही असे बांधा, विषारी असतात.

केजचा_हलगीवाला
नाना म्हणतात तीन करू, तिन्ही भरून बघू. लातूरकर, पायलीभर पाठव.